ऑयलरचे कोडे सोडवणारे प्रा. श्रीखंडे

लॅटिन चौरसात प्रत्येक चिन्ह प्रत्येक आडव्या ओळीत आणि उभ्या रकान्यात एकदाच येते. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर एकही जोडी पुन्हा आली नाही, तर ते परस्पर लंब ठरतात. उदाहरणार्थ:

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

येथे नऊही जोड्या वेगळ्या आहेत. ६, १०, १४ अशा आकारांसाठी (चारने भागून दोन उरणाऱ्या) असे चौरस मिळणारच नाहीत, असा अंदाज लिओनार्ड ऑयलरने १७८२ मध्ये मांडला. १९५९ मध्ये राज चंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी तो खोडून काढला: २ आणि ६ वगळता प्रत्येक आकारासाठी अशी जोडी मिळते.

सागर येथे १९१७ मध्ये जन्मलेले श्रीखंडे पुढे १९६३ ते १९७८ मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. आलेखशास्त्रात 'श्रीखंडे आलेख' त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०२० मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लॅटिन चौरसांचा उपयोग शेतीप्रयोगांतही होतो. एखाद्या शेतात मिरचीच्या चार वाणांची तुलना करायची, तर प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व रकान्यात एकदा लावतात. त्यामुळे जमिनीच्या चढउताराचा परिणाम वेगळा काढता येतो.