करंगळीची कट्टी

"सर, हा मला चिडवायलाय!"

मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गावर बसलं, की ही तक्रार तासातासाला येते. जुना इलाज ठरलेला: दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात मैत्रीवर सुविचार. सुविचार फळ्यावर राहतो, भांडण मैदानावर.

'मूल्यवर्धन' या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमाचं प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांच्या हाती दुसरा मार्ग असतो, जोडीचर्चेचा. दोघं समोरासमोर बसतात. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड न घालता ऐकायचं, आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. सात वर्षांच्या पोराला मात्र गप्प राहणं पाढ्यांपेक्षा अवघड जातं. वर्गात गलका झाला तर छडी आपटायची नाही. शिक्षक हात वर करतात, पोरं एकेक करून हात वर करतात आणि आवाज आपोआप खाली येतो. याला 'शांतता संकेत' म्हणतात. वर्गाचे नियमही मुलांशी बोलूनच ठरतात.

मूल्यवर्धन मराठवाड्यातच जन्मलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे २००९ मध्ये त्यांच्या फाउंडेशननं बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांपासून मूल्यवर्धन सुरू केलं, आणि शासनाच्या साथीनं ते राज्यभर गेलं. पाया धर्माचा नाही, संविधानाचा: स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता. बंधुता हा शब्द पहिलीतल्या मुलाला कळत नाही. पेन्सिल कुणाला द्यायची हे कळतं.

मुखेडकडे या कामाला एक वेगळी धार येते. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, सीमेकडच्या गावांत कुणाच्या घरात कन्नड असते, तर कुणाच्या तेलुगू. मुलांना मोकळं सोडलं की ती बोलीबोलीनं बसतात. जोड्या मुद्दाम बदलत ठेवाव्या लागतात, आणि इथेच शिक्षकाचा कस लागतो. त्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला किंवा हैदराबादकडे कामाला गेलेली कुटुंबं. मूल काही महिन्यांनी परत येतं तेव्हा त्याची जागा भरलेली असते, दोस्त दुसऱ्याचा झालेला असतो. त्याला पुन्हा जोडीत घेणं हा कुठल्याही पुस्तिकेतल्या उपक्रमापेक्षा मोठा धडा आहे.

ख्रिस्ती शाळांत परक्याला जवळ करण्याचा हाच विषय मूल्यशिक्षणाच्या तासाला येतो, आणि सोबत बहुधा बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. लुटून रस्त्यात टाकलेल्या माणसाला याजक टाळून जातो, मंदिरात सेवा करणारा लेवी टाळून जातो. ज्यांच्याशी यहुद्यांचा पंगतीचाही संबंध नाही, त्या शोमरोन्यांपैकी एक माणूस थांबतो. गोष्टीची खुबी शेवटी आहे. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्यालाच येशू उलट विचारतो, की या तिघांत शेजारी कोण झाला? हा उलटा प्रश्न मुलांपुढे ठेवला नाही आणि तात्पर्य तेवढं वहीत उतरवून घेतलं, तर या गोष्टीचाही सुविचार होतो.

धपाट्याला दोन सेकंद लागतात, जोडीचर्चेला दहा मिनिटं. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात तिथे ही दहा मिनिटं गणिताच्या नाहीतर भाषेच्या तासातूनच काढावी लागतात.