हात किती, वेळ किती : पोहण्याचं साधं गणित

भिवापुरात आम्ही मिरचीवर बोलायला आलो असतो, तर तुम्हीच आम्हाला शिकवलं असतं. पोहणंही इथे अनेकांना येतं. कुणी विहिरीत शिकलं, कुणी बोडीत. पण वेग वाढवायचा म्हटलं की एकच सल्ला मिळतो, ‘जोरात हात मार!’ तो सल्ला कुठे फसतो, ते आज आपण पाहू.

आधी तीन शब्द. एकदा हात मारल्यावर शरीर जेवढं पुढे जातं, ती स्ट्रोकची लांबी. एका हातानंतर दुसरा हात पडायला लागणारा वेळ म्हणजे टेम्पो. आणि १०० मीटरला लागणारा वेळ म्हणजे पेस.

आता उदाहरण घेऊ. काठावर २० मीटर अंतराच्या दोन खुणा करा. पहिल्या खुणेच्या थोडं आधीपासून पोहत या, म्हणजे भिंतीला मारलेला रेटा मोजला जाणार नाही. समजा २० हात लागले आणि २४ सेकंद. म्हणजे लांबी १ मीटर, टेम्पो १.२ सेकंद, पेस २ मिनिटं.

पुन्हा जोर लावला. हात झाले २४, वेळ तीच २४ सेकंद. हात भराभर पडले, पण लांबी ८३ सेंटिमीटरवर आली. चार हात फुकट गेले! घाईत तळवा पाणी मागे ढकलत नाही, नुसता त्यातून निसटतो.

मग नजर तळाकडे ठेवली, हात पुढे पूर्ण ताणला आणि पाणी मांडीपर्यंत मागे रेटलं. १८ हात, २३ सेकंद. पेस १ मिनिट ५५ सेकंद. पण याचाही अतिरेक नको. प्रत्येक हातानंतर तरंगत राहिलो, तर १६ हातांना २६ सेकंद लागतील. म्हणून नुसते हात मोजू नका, नुसतं घड्याळही बघू नका. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

आपल्या नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलीचं सुवर्ण जिंकलं. दृष्टिहीन जलतरणपटूंना भिंत दिसत नाही. काठावरचा मदतनीस काठीने स्पर्श करून इशारा देतो, आणि अंतराचा अंदाज यावा म्हणून हात मोजण्याची सवयही उपयोगी पडते. मोजणी खरी ठरायची, तर प्रत्येक हात सारखा पडायला हवा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दमलेला माणूस घाबरून हात भराभर मारतो, त्याचा श्वास तुटतो आणि अंतर मात्र कापलं जात नाही. सरावात २० हातांचे २५ झाले आणि वेळही वाढली, तर समजा, अंग थकलंय. तिथेच थांबा, काठावर या. आणि मोजणारा माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरूच नका. तो तुमचे हातही मोजेल आणि तुमच्यावर लक्षही ठेवेल.