तारेचा जोड हाताशी हवा

घरात वीज आली म्हणजे दिवा लागला, एवढाच हिशोब आपण धरतो. दिवा दिसतो, बटण दिसते. त्या दोहोंच्या मधे तार कोठून गेली आणि ती कोठे कोठे जोडली, हे सहसा कोणी विचारत नाही. दिवा लागेनासा झाला की मगच शोध सुरू होतो. आज मला या जोडांविषयीच बोलायचे आहे. वायरमन ज्याला जॉइंट म्हणतो, तो जोड. तो कसा करावा याविषयी थोडे, आणि तो कोठे असावा याविषयी अधिक.

उदाहरणाला आपण तलासरी-डहाणू भागातले झरी हे गाव घेऊ. महाराष्ट्राला हे नाव ठाऊक झाले ते वेगळ्या कारणाने. २३ मे १९४५ रोजी येथे वारली बांधवांची परिषद भरली आणि वेठबिगार करणार नाही असे त्यांनी ठरवले. विजेच्या बाबतीत या मुलखाची तऱ्हा जरा चमत्कारिक आहे. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ सालापासून वीज देऊ लागले, पुढे डहाणूचे औष्णिक केंद्र झाले. दोन्ही आजच्या पालघर जिल्ह्यातली. पण त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांवरच्या घरांत वीज पोचायला त्यानंतर अनेक वर्षे लागली. २०१७ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारची सौभाग्य योजना जाहीर झाली, तिच्यात गरीब घराला जोडणी, मीटर, एका ठिकाणापुरती वायरिंग आणि एलईडी दिवा अशी तरतूद होती. एक दिवा, एक जागा. सुरुवात म्हणून हे ठीकच आहे.

पण घर काही एका दिव्यावर थांबत नाही. पुढच्या वर्षी पंखा येतो. मग मोबाईलसाठी प्लग हवा, मग दूरदर्शन संच, मग मुलीसाठी अभ्यासाला कोपऱ्यात दिवा, मग कोणी इस्त्री आणतो. प्रत्येक वेळी नवी तार येते, आणि जवळ दिसेल त्या जुन्या तारेचे आवरण सोलून तिला पीळ देऊन जोडली जाते. वर काळी टेप गुंडाळली की काम झाले! हा जोड नेमका कोठे असतो? कुडाच्या भिंतीत, म्हणजे कारवीच्या काड्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंतीत, स्क्रू धरत नाही. म्हणून तारा जातात त्या मेढींवरून, तुळयांवरून, वाशांवरून. आणि जोड पडतात ते वर, लाकडाला लाकूड मिळते तेथे, छपराच्या खाली. चुलीचा धूर तेथे साचतो. माळ्यावर धान्य असते, म्हणून उंदीर असतात. पावसाळ्यात एखादे कौल सरकले की पहिले पाणी तेथेच टपकते. घरातली सर्वांत वाईट जागा आपण जोडासाठी निवडलेली असते, आणि तेथे कोणाचा हातही पोचत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जोड एकदा पक्का केला की तेथे हात पोचण्याची गरजच काय? येथे थोडे विज्ञान पाहावे लागेल. शिक्षक मंडळींना हे सूत्र ठाऊक आहे: विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, इतकी उष्णता दर सेकंदाला निर्माण होते. समजा, जोड सैल पडला आणि तेथला रोध अर्धा ओहम झाला. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे लावले तर त्यातून जेमतेम ०.०८ अँपिअर प्रवाह जातो आणि जोडावरची उष्णता नगण्य, वॅटच्या हजाराव्या भागांत मोजावी इतकी. म्हणजे जोड खराब असूनही वर्षानुवर्षे काही होत नाही. मग त्याच तारेवर एक हजार वॅटची इस्त्री लागते. प्रवाह होतो सव्वाचार अँपिअरच्या वर, आणि त्याच जोडावर सुमारे साडेनऊ वॅट उष्णता निघू लागते. साडेनऊ वॅट म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत, टेपच्या गुंडाळीत कोंडलेली ती उष्णता आहे. तारेवरचे नेहमीचे पीव्हीसी आवरण ७० अंश सेल्सियसपर्यंत टिकावे अशा बेताने बनवलेले असते. ते मऊ पडते, मग करपते. तांबे तापले की प्रसरण पावते, निवले की आकुंचन पावते, आणि या रोजच्या ताणाताणीत जोड आणखी सैल होतो. वर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो. जोड असा स्वतःच स्वतःला बिघडवत जातो.

आणि यातली खरी अडचण पुढेच आहे. घरात एमसीबी बसवली आहे, मग काळजी कसली, असे पुष्कळांना वाटते. एमसीबी पाहते ती प्रवाह फाजील वाढला का, एवढेच. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. तेव्हा एमसीबी गप्प बसते. गळती ओळखणारे आरसीसीबी नावाचे उपकरण असते. ते ३० मिलिअँपिअर प्रवाह भलत्या वाटेने गेला तर वीज तोडते आणि माणसाचा जीव वाचवते. ते प्रत्येक घरात असावे असे माझे स्पष्ट मत आहे. पण तारेतल्या तारेत तापणारा जोड त्यालाही कळत नाही. इस्त्रीला दोन व्होल्ट कमी मिळाले, हे इस्त्री करणाराला तरी कसे कळावे? ठिणगी ओळखणारी उपकरणे आता निघाली आहेत, परंतु ती आपल्या पाड्यावरच्या घरात सहसा नसतात. तेव्हा सैल जोडावर पहारा ठेवणारे घरात एकच साधन उरते: माणसाचे डोळे, नाक आणि हात. वायरमनने वीज बंद करून झाकण उघडायचे, रंग बदलला आहे का पाहायचे, करपल्याचा वास घ्यायचा, स्क्रू आवळायचा. जेथे हातच पोचत नाही तेथे हे कोण करणार?

परदेशांत हा विचार फार लवकर झाला. इंग्लंडात विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी १८८२ सालीच नियम छापले गेले. अमेरिकेची विद्युतसंहिता १८९७ ची, आणि तिच्यात आज असा नियम आहे की इमारतीचा कोणताही भाग न फोडता जोडाच्या पेटीपर्यंत पोचता आले पाहिजे. आपल्या भारतीय मानकांतही, आय. एस. ७३२ या संहितेत, जोड तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी गाठता यावा हेच तत्त्व आहे. जमिनीखालच्या केबलसारखे काही अपवाद सोडले तर जगभर हा नियम सारखाच.

बरे, कुडाचे घर गेले आणि घरकुल योजनेत विटासिमेंटचे घर झाले, म्हणजे प्रश्न सुटला का? तो फक्त भिंतीच्या आत गेला. भिंतीतून नळी टाकतात, वळणावर जोडाची पेटी ठेवतात, आणि घर सुबक दिसावे म्हणून त्या पेटीच्या झाकणावर गिलावा नाहीतर रंग फासून मोकळे होतात. दोन वर्षांनी गवंडीही सांगू शकत नाही की पेटी कोठे होती. पुढे तार तुटली की वायरमन भिंत ठोकत बसतो. त्याचा दिवस जातो, घरमालकाचे पैसे जातात. आणि बहुतेक वेळा तो व्यवहारी मार्ग काढतो, जुनी तार तशीच सोडून नवी तार बाहेरून ओढतो. जुन्या तारेत वीज मात्र चालूच राहते. पुढे कोणी त्या भिंतीत खिळा ठोकतो.

या तलासरी-डहाणू भागात आणखी एक कारण आहे. २०१८ च्या नोव्हेंबरापासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले आणि त्यांची मालिका बराच काळ चालली. घरांना तडे गेले. तडा जेथून गेला तेथूनच नळी गेली असेल, तर आतली तार ताणली जाते आणि तो ताण शेवटी येतो जोडावर. धक्का बसून गेल्यावर आपण भिंत पाहतो, कौले पाहतो. जोडही पाहायला हवेत, पण ते दिसत असतील तर ना! म्हणून अशा भागात जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर तार जास्तीची सोडून ती पेटीत वळवून ठेवावी. ताण आला तर ती सैल तार तो सोसते. आणि पुढे वायरमनला टोक कापून नव्याने जोडायचे झाले तर हाताशी तार उरते. तोलूनमापून कापलेली तार ज्याने कधी दुरुस्त केली आहे त्याला या वीतभर तारेचे मोल विचारावे.

आता जोड असावा कोठे? आंब्याला फांदीतून फांदी फुटते. माडाच्या साऱ्या झावळ्या एका शेंड्यातून निघतात. आपली वायरिंग आंब्यासारखी वाढते, ती माडासारखी असावी. फक्त हा शेंडा छातीच्या उंचीवर आणायचा. कुडाच्या घरात एखाद्या भक्कम मेढीवर, चुलीपासून आणि गळक्या जागेपासून दूर, जमिनीपासून चारसाडेचार फुटांवर फळी बसवावी, तिच्यावर बंद पेटीचा बोर्ड लावावा, आणि दिवा, पंखा, प्लग यांच्या तारा त्याच बोर्डातून स्वतंत्र न्याव्यात. वाटेत कोठे जोडच नको. वायरमन याला ‘लूप’ करणे म्हणतात. यात तार जास्त लागते हे खरे. पण छपराखालचे चार जोड वाचतात, आणि जे जोड उरतात ते सगळे एका झाकणामागे असतात. दिवा गेला तर वायरमनला शिडी लागत नाही, घर हुडकावे लागत नाही. एक झाकण उघडले की अर्धे निदान झाले. जेथे मधे जोड टाळताच येत नाही तेथे तो पेटीत असावा, पेटी तुळईच्या वर नव्हे तर खालच्या किंवा बाजूच्या अंगाला असावी, आणि झाकण स्क्रूने निघणारे असावे. पत्र्याचे छप्पर असेल तर ही गोष्ट जिवाची आहे. टेप सुटलेला जोड पत्र्याला टेकला तर सबंध छप्पर, आणि त्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तारसुद्धा, विजेने भारली जाते.

बोर्डाविषयी एक तक्रार करतो. बाजारात उथळ पेट्या मिळतात, चार पैसे स्वस्त. त्यांत तारा इतक्या कोंबाव्या लागतात की झाकण दाबून बसवताना आतला एखादा स्क्रू सैल होतो, आणि पुढच्या वेळी पेचकस आत शिरत नाही. पेटी खोल घ्यावी. जुन्या काळी लाकडी बोर्डाला बिजागरी लावीत, दार उघडावे तसा बोर्ड उघडे आणि मागचे सारे जोड समोर दिसत. ती पद्धत मागे पडली याचे मला वाईट वाटते. दमट हवेत लोखंडी स्क्रू गंजून घट्ट बसतात, तेव्हा ते पितळी असावेत. जोडासाठी नुसत्या पिळावर विसंबू नये, स्क्रूचा किंवा खटक्याचा चांगला कनेक्टर घ्यावा. बाहेरून येणारी तार ॲल्युमिनियमची असेल तर ती तांब्याच्या तारेला थेट पीळ देऊन कधीही जोडू नये; ओल लागली की हा जोड झपाट्याने खराब होतो. आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून व्हावे. आपण घरच्यांनी जागा निवडायची, आग्रह धरायचा.

अर्थिंगचा जोडही असाच विसरला जातो. अंगण सारवताना नाहीतर सिमेंट करताना तो खड्डा बुजवला जातो. त्यावर उचलता येईल असे झाकण हवे, कारण उन्हाळ्यात माती वाळली की तेथे पाणी घालावे लागते आणि तारेचा नटबोल्ट गंजला का ते पाहावे लागते.

घरकुल बांधणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट सांगतो. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढा. नळी आणि पेटी कोठे आहे ते दिसले पाहिजे, शेजारी टेप किंवा हातभर काठी धरली तर माप कळेल. मग त्यावरून कागदावर एक आकृती काढून ती मीटरच्या पेटीजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. फोटो हरवतो, फोन बदलतो. कागद घरात राहतो.

ही आकृती काढण्याचे काम आठवी-नववीच्या मुलांना छान जमते. शिक्षकांनी आधी वर्गात दोन सेल आणि विजेरीचा लहान दिवा घेऊन एक प्रयोग करून दाखवावा. घरातली वीज यासाठी मुळीच वापरू नये. एक जोड घासून घट्ट करावा, दुसरा गंजक्या खिळ्याला नुसता सैल टेकवावा. पहिल्यात दिवा स्थिर राहतो, दुसऱ्यात तो मंद होतो, मिणमिणतो, बोट लावले की उजळतो. मग दुसरा जोड पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावा आणि दिवा का मिणमिणतो ते खोके न उघडता शोधायला सांगावे. मुले सेल बदलतील, दिवा बदलतील, तारा हलवून पाहतील. आणि थोड्या वेळाने कोणीतरी खोके उघडण्याची परवानगी मागेल.