शंभर वर्षांचा फोटो आणि बेल्लमपल्लीचा उन्हाळा

फोटो छापायच्या शाईच्या खोक्यावर ‘रंग शंभर वर्षं टिकतो’ असं छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण त्यामागच्या अटी ठळक अक्षरांत नसतात. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही अमेरिकी प्रयोगशाळा काचेखालच्या प्रिंटवर प्रखर प्रकाशाचा मारा करते आणि त्यावरून घरच्या भिंतीचा हिशेब मांडते. त्यात प्रकाश ४५० लक्स, तोही दिवसाला १२ तास, तापमान २४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के धरलेली असते.

बल्लारशाह–काझीपेट रेल्वेमार्गावरचं बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळसा खाणींचं गाव. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो. १० अंश वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे खोली २४ वरून ४० अंशांवर गेली की कागद पिवळा पडणं, अंधारातही रंग उतरणं, हे सगळं तिपटीने उरकतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर ४५० लक्सचा हिशेब पहिल्याच दुपारी मोडीत निघतो.

मग टिकतं काय? आधी शाई पाहा. डाय शाईत रंगाचा रेणू न् रेणू सुटा असतो आणि प्रकाश प्रत्येकाला गाठतो. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात. खडीसाखर बाहेरून विरघळली तरी आतला खडा शाबूत राहतो, तसंच या कणांचं. राजा रविवर्मांच्या, १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातली चित्रं आजही पाहायला मिळतात, त्यात रंगकणांच्या शाईचाही वाटा आहे. लॅबमधला रंगीत फोटो मात्र डायचाच. जुन्या कागदांतला सायन (निळसर) रंग अंधारातही उडायचा, म्हणून १९७०च्या दशकातले लग्नाचे अल्बम लालसर दिसतात. कृष्णधवल फोटोत चांदी असते. ती उन्हाला दाद देत नाही, पण हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) नीट धुतला गेला नसेल किंवा हवेत गंधकाचे वायू असतील, तर पिवळट-तपकिरी पडते. कोळशाच्या शेगड्यांच्या गावात हे विसरून चालत नाही.

मग कागद. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःच्या आम्लाने ठिसूळ होतो. सुती, आम्लरहित कागद तग धरतो. झगमगीत पांढऱ्या कागदातली चकाकी बहुधा रसायनाची असते. ती ओसरली की कागद पिवळट दिसतो.

शेवटी फ्रेम. फोटो काचेला चिकटता कामा नये, कारण पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला होऊन काचेला धरतो. मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला. मागे हार्डबोर्ड लावायचाच असेल, तर आधी आम्लरहित पुठ्ठा ठेवा. पश्चिमेची तापणारी भिंत टाळा.

मोठी ऑर्डर देण्याआधी एकाच फोटोच्या दोन शायांतल्या प्रिंट काढून घ्या, अर्ध्या भागावर काळा कागद लावा आणि मार्च ते मे उन्हाच्या खिडकीत ठेवा. जूनमध्ये कागद काढला की झाकलेल्या-उघड्या भागांतला फरक दिसेल. कोणती शाई घ्यायची, ते त्यावरून ठरवा.