कळंब्याहून अमेरिका उत्तरेला आहे!

कळंबा तलावाच्या बांधावर उभं राहून अमेरिका कुठे ते दाखवायला सांगितलं, तर बहुतेकांचा हात पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला उठेल. पण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची सर्वांत जवळची वाट तिकडून जातच नाही. तोंड कोल्हापूर शहराकडे, म्हणजे उत्तरेला करायचं आणि किंचित उजवीकडे वळायचं. नाकासमोर सुमारे 13,700 किलोमीटर गेलं की सॅन फ्रान्सिस्को!

खरं वाटत नसेल तर पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा हिमालय ओलांडतो, सायबेरियातून वर चढत आर्क्टिक महासागरावर पार 75 अंश उत्तरेला पोचतो आणि अलास्का, कॅनडा करत खाली उतरतो. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात पट्टीने पूर्वेकडे सरळ रेघ ओढली, तर तोच प्रवास भरतो जवळपास 16,200 किलोमीटर. गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून कागदावरची सरळ रेघ प्रत्यक्षात मोठा वळसा ठरते.

अंतर कळलं, आता वेळ. प्रवासी विमान ताशी सुमारे 900 किलोमीटर जातं. भागाकार केला की उत्तर येतं पंधरा तास. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून आधी मुंबई किंवा बंगळूर गाठायचं, तिथे थांबायचं, हे वेगळंच. पण हे पंधरा तासही पक्के नाहीत, कारण विमान ज्या हवेतून जातं ती हवाच धावत असते.

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पंचगंगेत प्रवाहाबरोबर पोहणारा जसा कमी दमात लांब जातो, तसंच विमानाचं. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 किलोमीटर झाली, तरी विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोचलं. लांबची वाट लवकर संपली!

उलट दिशेची गंमत आणखी वेगळी. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला विमान आणलं. विमान निघालं 9 जानेवारी 2021 च्या रात्री, उतरलं 11 जानेवारीच्या पहाटे. हवेत मात्र सुमारे सतराच तास! उरलेले साडेतेरा तास दोन्हीकडच्या घड्याळांमधल्या फरकाचे.

वाऱ्यावर माणसाच्या भांडणांची भर पडते ती वेगळी. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. शिवाय वाराही वर्षभर सारखा नसतो: हिवाळ्यात जेट स्ट्रीम जोर धरते, उन्हाळ्यात मंदावते. त्यामुळे कुणी ‘अमेरिका किती तास?’ असं विचारलं, तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात: जाताना की येताना, कोणत्या महिन्यात, आणि कुणाच्या आकाशातून?