कापूसपट्ट्यातून लावलेला क्रम : २००१ ते २०१० मधील मराठी नाट्यपट
नाट्यपट, म्हणजे घटनांपेक्षा माणसांमधील ताणावर उभा राहणारा चित्रपट. २००१ ते २०१० या दशकातील अशा मराठी चित्रपटांत बुलढाण्यासारख्या कापूसपट्ट्यातून पाहता पहिला मान सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ला (२००९) द्यावा लागतो, कारण शेजाऱ्याच्या आत्महत्येनंतर धास्तावलेली अलका नवऱ्यावर, किसनावर, नजर ठेवायला लहानग्या मुलालाच मागे धाडते आणि कोरडवाहू, म्हणजे निव्वळ पावसाच्या भरवशावरच्या, शेतीतली घालमेल त्या पोराच्या पाळतीतून जशी उमटते तशी भाषणांतून उमटत नाही. दुसरा संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४). ‘श्यामची आई’नंतर सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मराठीत आणणारा, तरी शस्त्रक्रियेआधी नातवाला जग दाखवणारा आजोबा त्या पुरस्काराहून मोठा. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) तिसरा; त्यातला नायक माधव आपटे वेधक खरा, पण बुलढाण्याच्या या वऱ्हाडाला अंमळ दूरचाच.