तुमची नोंद कुठे पोचते?

● जीबीआयएफ (२००१) : सचिवालय कोपनहेगनला. जगभरातल्या संग्रहालयांनी आणि हौशी निरीक्षकांनी केलेल्या सजीवांच्या नोंदी इथे मोफत मिळतात. प्रत्येक डेटासंचाला डीओआय हा कायमचा क्रमांक असल्याने शोधनिबंधात त्याचा संदर्भ देता येतो.

● ईबर्ड (२००२) : कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा उपक्रम. पक्ष्यांची यादी, वेळ आणि ठिकाणासह.

● इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल (२००८) : भारतातल्या वनस्पती व प्राण्यांची माहिती, नोंदी आणि नकाशे.

● आयनॅचरलिस्ट (२००८) : कासच्या पठारावर टिपलेलं फूल इथे टाकलं, की इतरजण ओळख पटवतात. दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचं प्रजातीवर एकमत झालं, की नोंद ‘संशोधन दर्जा’ला पात्र ठरते. धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण मात्र झाकलं जातं.

फोटोसोबत तारीख आणि ठिकाण द्यायला विसरू नका. त्यांच्याविना तो नुसता फोटोच राहतो.